सभासद कुशाबाई

बारामती,
१५ सप्टेंबर

प्रिय वल्लरी,

आधी घडलं ते क्रमानं लिहिते.

१. मागच्या सोमवारी कॉलेजच्या 'बोलकी'च्या अंकाची कच्ची पानं नेहमीसारखी आपल्या खोलीबाहेर दोरीवर लावली.
२. कुणीतरी तुझ्या लेखाचा फोटो काढला. संध्याकाळी तो तुमच्या गावच्या ग्रुपवर होता.
३. बुधवारी तुझा भाऊ रणजित कॉलेजात आला.
४. त्याच रात्री तुझा मेसेज आला : 'काढून टाक.'
५. मी लेख काढलेला नाही.
६. काल मी तुझ्या आईला भेटले.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस, म्हणून हे कुरिअरनं पाठवतेय. कागदाला वाचल्याची खूण येत नाही, तेवढंच बरं.

जूनमध्ये तू पुण्याला नोकरीवर गेलीस, तेव्हापासून संपादनही माझ्याकडे आलंय. मला पानं लावता येतात. माणसं सांभाळता येत नाहीत. ते काम तुझं होतं. पहिल्या वर्षाच्या मुली अजून विचारतात, वल्लरीताई कधी येणार. मी सांगते, ती आता येत नाही. मग त्या माझ्याकडे अशा बघतात, जणू मीच तुला बसमध्ये बसवून दिलं. खोलीला अजून क्रीडा विभागाच्या जुन्या गाद्यांचा वास आहे. पंखा दुरुस्त झाला. तुझी खुर्ची बदललेली नाही.

रणजित चांगला वागला, हे आधी सांगते. चहा घेतला, दोरीवरची पानं उलटसुलट पाहिली. मग म्हणाला, "ताई, तुमी इंजिनेर माणसं, तुमाला राजकारण न्हाय कळायचं. यंदा कारखान्याच्या निवडणुकीला मी पॅनलमधनं उभा हाय. आन् माझीच बहीण लिहिती, आई कारखान्याची सभासद, पर आजवर सभेला गेली न्हाय. लोक मला काय विचारतील?" मी म्हणाले, हेच विचारतील. तो हसला. जाताना म्हणाला, "मागचं अख्खं पान जाहिरात देतो की, फोटोसकट. ह्ये एक सोडा." मी म्हणाले, लेख मागे घ्यायचा तर लिहिणारीनं सांगावं. रात्री तू सांगितलंस.

तेव्हापासून चौदावं पान, तुझ्या लेखाचं, माझ्याच्यानं बंद होत नाही. तुझ्या जागी वसतिगृहाच्या पाण्यावरचा लेख लावून पाहिला. भरडधान्याच्या पाककृती लावून पाहिल्या. दोन्ही बसतात. मी फाइल बंद करते, जेवायला जाते, अर्ध्या ताटावरून उठते आणि परत तुझा लेख लावते. प्रेसवाले रोज विचारतात. तू मागे घेतलास, म्हणजे विषय संपायला हवा होता. पण नियम तूच घातला होतास : जिच्यावर लिहिलं, तिला वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. तिचं म्हणणं लिहिणारीच्या म्हणण्याइतकंच धरायचं. ऑगस्टमध्ये लेख पाठवताना तू म्हणाली होतीस, आईला ऐकवलाय. तिचं म्हणणं काय होतं, ते मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारावं म्हणून काल इंदापूरची एसटी धरली, पुढे नरसिंहपूरच्या वडापच्या जीपमध्ये तुमच्या फाट्यापर्यंत.

तुझ्या आई गोठ्यासमोर भुईमुगाच्या शेंगा तोडत होत्या. तुझे तात्या आणि रणजित इंदापूरला बैठकीला गेलेले. मी म्हटलं, लेख ऐकलात ना तुम्ही? त्या म्हणाल्या, "कंचा लेख गं? मला कवा ऐकवला?"

मी म्हणाले, वल्लरीनंच पाठवलंय मला, वाचून दाखवायला. मी सहसा असं खोटं बोलत नाही, तुला ठाऊक आहे. तू का ऐकवला नसशील, ते मी विचारणार नाही.

वाचायला लागले, तरी त्यांचे हात थांबले नाहीत. दर वर्षी त्यांच्या नावानं कारखान्याचा अहवाल येतो, सभासदाची साखर येते, सभेला मात्र फक्त तात्या जातात, तिथं त्या हसल्या. "त्या पुस्तकावर ह्यांचा चष्मा ठेवलेला असतोय. साखर तेवढी माझ्याकडं येती, डब्यात भराया." मग एक चूक काढली. शेअर लग्नात नाही, सासूबाई वारल्यावर त्यांच्या नावावर झाला. मी पेन्सिलीनं दुरुस्त केलं. शेवटी 'एक आई' हे शब्द आले, तेव्हा त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सारली.

"वर पोरीचं नाव हाय. मंग आई कोण, ते आख्ख्या गावाला ठावं. माझंच नाव का लपवलंय? मी काय चोरी केलीया? कुशाबाई सर्जेराव म्हणून घाल. आन् खाली सभासद."

मी म्हणाले, रणजितला आवडणार नाही. त्या म्हणाल्या, "त्यो निवडणुकीला उभा हाय. माझंबी एक मत हाय न्हवं? मग त्यानं मला भ्यावं, मी त्याला कशाला भिऊ?" वल्लरी, तू त्यांना ज्या गोष्टीपासून वाचवत होतीस, ती त्यांना नको आहे. तुला स्वतःसाठी लेख मागे घ्यायचा असेल, तर घे. आईसाठी घेत असशील, तर ते कारण आता उरलं नाही.

लेखासाठी फोन पुरला असता. आज ना उद्या तू उचललाच असतास. हे पत्र त्यांच्या सांगण्यावरून लिहितेय. निघताना त्या फाट्यापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, २६ तारखेला कारखान्याची सभा आहे, त्या जाणार आहेत. तात्यांना अजून सांगितलेलं नाही. मी म्हटलं, सभासद नसलेल्यांना आत सोडत नाहीत. "आत मी एकली जाईन की. दारापतुर कुणीतरी पायजे. वल्लीला येच म्हणावं. फोनवर नगं सांगूस, फोनवर ती 'बघू' म्हणती." तर गुरुवारी, १८ तारखेपर्यंत, दोन गोष्टी कळव : लेख कुशाबाईंच्या नावासह जाऊ देऊ की नको, आणि २६ला तू येतेस की नाही. येणार नसशील, तर तसं स्पष्ट लिही. मग दारापर्यंत मी जाईन.

तुझीच,
पूर्वी