पान सातवरची ओळ

सिस्टर, दोन महिन्यांपूर्वी सोलापूरच्या दवाखान्यात एका बैठकीत मी हात वर केला आणि त्यापायी माकणीच्या एका बाईला दहा दिवस थांबावं लागलं. तिच्या आजारात दहा दिवस म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. अणदूरच्या दवाखान्यात तुमच्या खुर्चीवर आता चौथी सिस्टर बसते. तरी असं काही घडलं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटतं, ती खोड माझी गेली नाही.

बैठक कसली ते आधी सांगते. कुठलंही नवं औषध माणसांवर अजमावून बघायचं असेल तर आधी ते एका समितीपुढं येतं. तिथं डॉक्टर असतात, एक वकील असतात आणि डॉक्टरकीतलं काही न शिकलेलं एक साधं माणूस लागतं. ते साधं माणूस म्हणजे मी. तुमच्यानंतर मी स्तनात गाठ असलेल्या बायकांना सोलापूरला घेऊन जात राहिले, अणदूरच्या, जळकोटच्या, पार लोहाऱ्याकडच्या. कागद कुठल्या खिडकीत द्यायचा, डॉक्टरांना काय विचारायचं, हे मला पाठ झालं. तिथल्या कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमनी ते पाहिलं आणि एक दिवस समितीत येता का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "मॅडम, मी गावात घरोघरी फिरणारी आशाताई. बाहेरून परीक्षेचा सतरा नंबरचा फॉर्म भरून कशीबशी दहावी झालेली." त्या म्हणाल्या, "म्हणूनच या."

तो सतरा नंबरचा फॉर्म तुम्ही भरला होता. लग्नानं माझी शाळा आठवीला सुटली होती, आणि तुम्ही तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात मला धडे वाचायला बसवायचा. तुम्ही भाकरी थापताय, मी उंबऱ्यात बसून विज्ञानाचं पुस्तक मोठ्यानं वाचतेय. मधेच तुमचा हात थांबतो. "समजलं का?" मी मान हलवते. "मान हलवू नको. न्हाय समजलं तर न्हाय समजलं म्हण. लाजायचं काय त्यात?" मग तव्यावरची भाकरी करपू देऊन तुम्ही मला रक्तातल्या पांढऱ्या पेशी समजावून सांगता. माझ्यासाठी त्याआधी कुणी काही करपू दिलं नव्हतं.

त्या दिवशी समितीपुढं आलेलं औषध तुमच्याच आजारावरचं होतं. आता त्या गाठीचं नाव नीट कळतं, सिस्टर, ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. गाठीत तीन गोष्टी शोधतात, आणि तिन्ही नसल्या तर नेहमीच्या गोळ्या तिला लागूच पडत नाहीत. ती वाढते भराभर, आणि बऱ्याचदा तरण्या बायकांना होते. तुमच्या वेळी सलाईनमधून देतात ते औषध आणि ऑपरेशन, यापलीकडं काही नव्हतं. आता अंगातल्याच ताकदीला जागं करून गाठीवर सोडणारं औषध निघालंय. इथं अभ्यास होता तो ते कमी मात्रेत देऊन भागतं का, याचा. अर्ध्या बायकांना नेहमीच्या औषधासोबत ते द्यायचं, अर्ध्यांना नुसतं नेहमीचं, आणि कुणाला काय हे कॉम्प्युटर ठरवणार. औषधाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. ते यावं म्हणून तर मी तेरा वर्षं वाट बघितली.

माझं म्हणणं होतं ते बायकांनी सही करायच्या कागदाबद्दल. मराठीच होता तो. पण कसलं मराठी? "सहभागींची यादृच्छिक पद्धतीने गटांत विभागणी करण्यात येईल." अर्ध्या जणींना नवं औषध मिळणारच नाही, एवढं साधं कुठं लिहिलेलं नव्हतं. आणि पान सातवर एक ओळ होती. "प्रतिकूल घटना उद्भवल्यास अन्वेषकांशी त्वरित संपर्क साधावा." ती ओळ मी दोनदा वाचली.

मला तुमचा तो ताप आठवला. तिसऱ्या सलाईननंतरचा आठवा दिवस. मी सकाळी आले तर तुम्ही अंगावर दोन चादरी घेऊन पडलेल्या, ओठ सुकलेले. "व्हायरल असंल, गोळी घेतलीय," म्हणालात. बावीस वर्षं गावाला सुया टोचलेली बाई तुम्ही, पण हा ताप साधा नसतो, पांढऱ्या पेशी संपल्यावर ताप आला तर तासाभरात दवाखाना गाठायचा असतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी तुम्ही मला ओळखेनाशा झालात तेव्हा मी जीप केली. जवळच्या दवाखान्यातला डॉक्टर विचारतोय, "कुठलं औषध चाललंय?" फाईल सोलापुरात. फोन लावते तर कुणी उचलत नाही, उचलला तर म्हणतात दुसऱ्या विभागात विचारा. आणि तुम्ही डोळे मिटून एकच शब्द म्हणताय, "लाल. लाल औषध." दोन दिवस तसेच गेले. तुम्ही त्यातून उठलात खऱ्या, पण पुढची सलाईनं लांबत गेली, अंग खचलं, आणि वर्षाच्या आत आजार फुप्फुसात उतरला. त्या दोन दिवसांमुळंच तसं झालं असं मी म्हणत नाही. मॅडम म्हणतात ते कुणालाच ठरवता येणार नाही. पण ते दोन दिवस माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

तर बैठकीत पान सातबद्दल बोलायच्या आधी मला दुसरी एक गोष्ट सांगायची होती, आणि तीच अवघड होती. माकणीची एक बाई माझ्यासोबत येत होती. तिशी ओलांडलेली, नवरा मेंढरं घेऊन निम्मं वर्ष बाहेर, दोन पोरी शाळेत. तिची गाठ तुमच्यासारखीच. अभ्यास मॅडमच चालवणार होत्या, आणि समितीनं मंजुरी दिली की त्या तिला त्याबद्दल विचारणार होत्या. कागद परत गेला तर पुढची बैठक महिन्यानं. आणि मी विचारल्यावर मॅडमनी मला आदल्या दिवशीच स्पष्ट सांगितलं होतं, "तिला मी फार तर दहा दिवस थांबवीन. त्यापुढं नाही. मग नेहमीचं औषध सुरू करीन आणि मग तिला यात येता येणार नाही."

म्हणजे मी गप्प बसले तर तिला संधी होती. बोलले तर कदाचित माझ्याच तोंडानं ती जाणार होती. टेबलावर चहा आलेला, सगळे पुढचं पान उलटतायत, वकीलसाहेब घड्याळ बघतायत. मी हात वर केला.

"माझ्या ओळखीची एक बाई यात यायची आहे," मी म्हटलं. "ते मला आधी सांगितलं पाहिजे."

अध्यक्ष म्हातारे डॉक्टर आहेत, शांत. म्हणाले, "मग तुम्हाला मत देता येणार नाही, ताई. बोलायचं ते बोला आणि बाहेर बसा."

मी पान सात वाचून दाखवलं. विचारलं, "यातलं अन्वेषक म्हणजे कोण? त्याचा फोन नंबर काय? रविवारी कोण उचलतं? माकणीहून इथं यायला अडीच तास लागतात. ताप आला, जुलाब लागले, दम लागला तर त्या बाईनं कुणाला सांगायचं, आणि जवळच्या डॉक्टरला कुठला कागद दाखवायचा?" एक डॉक्टर म्हणाले, मजकूर ठरलेला असतो, सगळीकडं हाच जातो. मी म्हटलं, "सगळीकडं जात असंल. समजतो का कुणाला?" मग मी म्हटलं की एक पेशंट होती, तिला तिच्या औषधाचा रंग तेवढा ठाऊक होता. आणि उठून बाहेर बाकावर जाऊन बसले.

अर्धा तास. दाराच्या काचेतून आतली तोंडं हलताना दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. शेवटी मॅडम बाहेर आल्या, चेहरा ओढलेला. "आठ दिवसांत सुधारून द्यायचाय. मग पुढच्या बैठकीची वाट न बघता अध्यक्ष तपासतील." थोडं थांबून म्हणाल्या, "बरोबर बोललात. पण मला आता रात्रंदिवस बसावं लागणार." आठ दिवस आणि वर दोन. मी मनात मोजत होते.

माकणीला मी दुसऱ्याच दिवशी गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ती चुलीपुढं बसली होती, सासू दारात शेंगा फोडत होती, मागं धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं. मी म्हटलं, "उशीर होणार हाय. आणि तो माझ्यामुळं होतोय." सासूनं शेंगा खाली ठेवल्या. "कोण तुमाला मधी पडायला सांगितलं वो? द्यायलेत तर घ्यावं की औषध." ती बाई मात्र माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "काय चुकीचं हुतं त्यात?" मी सांगितलं. तापाचं, फोनचं, निम्म्या बायकांना नवं औषध मिळणार नाही त्याचं. ती म्हणाली, "मला तर वाटलं व्हतं, सही केली की मिळतंयच." आणि मग चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत राहिली.

तुम्हाला खरं सांगते, सिस्टर, ते आठ दिवस मी नीट जेवले नाही. रोज तिला फोन करायची, गाठ दुखते का विचारायची. पाचव्या दिवशी ती म्हणाली, वाढल्यागत वाटायलंय. नवव्या दिवशी सकाळी नवा कागद आला. त्यात लिहिलं होतं, "तुम्हाला नवं औषध मिळेलच असं नाही. ते कॉम्प्युटर ठरवेल. डॉक्टरसुद्धा बदलू शकत नाहीत." लिहिलं होतं, "या औषधानं गळ्यातल्या ग्रंथीला कायमचा धक्का बसू शकतो." आणि ठळक अक्षरांत तापाचं, दोन नंबर, आणि पाकिटात मावेल असं एक कार्ड, कुठल्याही डॉक्टरला दाखवायचं. दहाव्या दिवशी मॅडमच्या खोलीत तिनं तो कागद स्वतः वाचला, बोट ठेवून, एकेक ओळ. दोन ठिकाणी थांबली. "हे न्हाय समजलं," म्हणाली. मॅडमनी समजावलं. मग तिनं सही केली.

कॉम्प्युटरनं तिला नेहमीच्या औषधाच्या गटात टाकलं.

तिला कळलं तेव्हा ती जिन्यात पायरीवर बसली. मी शेजारी बसले. मला वाटलं आता ती मला बोलेल, बोलावंच तिनं. ती म्हणाली, "लिहिलेलंच व्हतं की." एवढंच. तिसरं सलाईन झालं परवा. मधे एकदा ताप आला, रविवारीच, तिनं कार्ड घेतलं, नंबर लावला, तो उचलला गेला आणि दोन तासांत ती लोहाऱ्याला ॲडमिट होती. गाठ थोडी कमी झालीय, मॅडम म्हणतात, पण अजून काही सांगता येत नाही. मला विचाराल तर मला भीती वाटते. ती दुसऱ्या गटात गेली असती तर, हा विचार मी रोज करते आणि तिच्यापुढं करत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून त्यात एक लिहून टाकते. तुमचा आजार निघायच्या आधीच्या उन्हाळ्यात तुम्ही मला सगळ्यांसमोर बोलला होता. मी पाच घरी पाहणीला न जाता, गेल्याच्या खुणा रजिस्टरात केल्या होत्या आणि तुम्ही त्या पकडल्या. तुमचं बरोबर होतं. पण मी रुसले. कामापुरतं बोलायची, चहाला तुमच्याकडं यायची नाही. त्याच दिवसांत मी पाहिलं की लशीचा डबा तुम्ही उजव्या हातानं उचलणं सोडलंय. उचलताना एकदा तुमचा चेहरा कसा झाला, तेही पाहिलं. हात असा दुखणाऱ्या बाईला छातीतल्या, काखेतल्या गाठीचं विचारायचं हे तुम्हीच मला शिकवलेलं, तेव्हा मला कळत नव्हतं असं नाही. पण आधी तुम्ही माझ्याशी बोलावं, अशी माझी इच्छा होती. तीन आठवडे मी विचारलं नाही.