मार्लिसच्या अंगणात न उगवलेलं गवत

प्रिय मार्लिस,

समोरासमोर घरं असून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. तोंडाने सांगायला आले तर निम्मं गिळून टाकीन.

यंदाचा हिवाळा मेला एप्रिल संपेपर्यंत हलला नाही. बर्फ वितळल्यावर तुझं अंगण बघून मीच हळहळले होते. रस्त्याकडेचं गवत बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने जळलेलं, बर्फ ढकलणाऱ्या गाडीने कड सोललेली, मधे उंदरांनी बर्फाखाली कुरतडलेल्या वाटा. तुझा नवरा, लॉयड, गेल्यापासून तुझं बघणार कोण? आमच्या नॉर्बर्टला मीच म्हटलं, जा, जरा हात लाव. हात लाव म्हटलं होतं गं, मुक्काम ठोक नव्हतं म्हटलं! रोज न्याहारी झाली की दाताळं खांद्यावर आणि स्वारी समोर. मेलेलं गवत ओढलं, खारट माती पाण्याने धुतली, नवी पसरली, गुडघ्यांवर बसून बी पेरलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! माझ्याकडे साधा चमचा उचलायला वाकायचं म्हटलं की त्याचे गुडघे दुखतात. आमचं अंगण टकलं ते टकलंच. विचारलं तर म्हणतो, आपल्याला काय घाई आहे? वर तुझा दालचिनीचा केक किती हलका होतो, हे मला तीनदा ऐकवलं.

आणि मग तू हसलीस. लॉयडनंतर पहिल्यांदा इतकी मोठ्याने, माझ्या नवऱ्यापाशी. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या बुधवारी तू चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेलीस, नॉर्बर्ट दातांच्या डॉक्टरकडे. मी गॅरेजमधली तणनाशक दाण्यांची पिशवी उचलली आणि तुझ्या अंगणभर रिकामी केली. ते दाणे तण रुजू देत नाहीत, तसं पेरलेलं बीसुद्धा. ठाऊक होतं मला. वर पाणीही मारलं.

तीन आठवड्यांत एक पातं नाही. तू त्याला म्हणालीस, बी जुनं असेल, सोड. तो घरी येऊन म्हणाला, बी चांगलं होतं, माझाच हातगुण गेला. चाळीस वर्षं शाळेचं मैदान हिरवंगार राखलेला माणूस! काल त्याने सगळी अवजारं ‘फुकट न्या’ची पाटी लावून रस्त्यावर ठेवली. मी ती गुपचूप आत आणली. दाण्यांचा असर ऑगस्टअखेर जाईल, तेव्हा पेरलं तर उगवेल. आज जेवताना त्याला खरं सांगणार आहे. तो संतापेल आणि सरळ तुझ्याकडे येईल. घे त्याला आत. ‘तुझा हातगुण गेलेला नाही,’ एवढं त्याला तू सांग. माझ्या शब्दावर तो आता विश्वास ठेवायचा नाही.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच,
व्हर्ना