वाकडे दगड

तीर्थरूप बाबांना,
इतक्या लांबून पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे. तुमचा गुडघा कसा आहे? आई फोनवर ‘बरा आहे’ म्हणते, म्हणजे बरा नसणार.

इथे नदीवरचा जुना बंधारा फोडून माशांना वर जायला दगडी पायऱ्या करतोय. तुम्ही जन्मभर पाणी अडवलंत आणि पोरगा वाट करून देतोय! तुम्ही शिकवलंत तशा दोरी लावून सरळ, गुळगुळीत पायऱ्या बांधल्या, तर मुकादमाने कपाळाला हात लावला. अशा पायरीवरून पाणी सुसाट येतं, मासा टिकत नाही म्हणे. सगळं उखडून दगड वाकडेतिकडे बसवले. तुम्ही बघितलं असतंत तर थोबाडीत दिली असतीत.

काल समुद्रातून पहिला मासा आला. वर नदीत जिथे जन्मला, तिकडे परत निघाला होता. माझ्या सगळ्यात वाकड्या दगडाआड थांबला, दम खाल्ला आणि वर गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तोंड फिरवून थापी धूत बसलो.

गच्चीवरून रस्ता बघायला तुम्ही रोज संध्याकाळी जिना चढता, असं आई म्हणाली. बाबा, मधल्या वळणावर जरा टेकत जा. घाई कशाला करता? मी अजून निघालेलो नाही.

तुमचा,
थोरला