तेवीसशे चौदा मडकी

कुंभार पिंपळगाव,
ता. घनसावंगी, जि. जालना
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

चि. भागवत यास आबाचे अनेक आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल आहेत. तू तिकडं पुण्यात वेळेवर जेवत असशील असं धरून चालतो. थंडी सरत आली, दुपारचं ऊन तापून राह्यलंय, म्हणजे आपले माठ-रांजणाचे दिवस आले. या साली पहिला आवा मंगळवारी भाजून उतरवला. नव्वदात सात फुटले, बाकी माल खणखणीत. माझा गुडघा दुखतो, पण त्याची बोंब मारण्यासारखं काही न्हाई. तुझी माय बरी आहे.

आता तू म्हणशील, दर रविवारी फोनवर बोलतोच, मंग आबाला पत्राचं खूळ कुठून लागलं? तर बाबा, तू मागच्या रविवारी विचारलंस ना, "आबा, लोक म्हणतात मी बनवलेला गेम लई अवघड झालाय. माझे दोन्ही जोडीदार म्हणतात सोपा करू. तुम्हाला काय वाटतं?" मी नुसतं "बघू" म्हणलो. एवढं मोठं उत्तर मला फोनवर देता येत न्हाई. लिहून देतो. शिक्षण सातवीचं, चुकलंमाकलं समजून घे.

दिवाळीत तू तो लॅपटॉप आणि ते रिमोट पाठवलं (त्याला तुमच्यात दुसरं काही म्हणतात, माझ्या तोंडात रिमोटच बसलंय), तेव्हा खरं सांगतो, मला राग आल्ता. म्हणलं, पोरगं साडेतीन वर्षं राबलं आणि पाठवलं काय, तर उड्या मारायचं खेळणं! आठ दिवस तसंच पेटीवर पडू दिलं. मंग लतीफभाई आले. बसस्टँडवर पंखे-रेडिओ दुरुस्त करतात ते, तुला तर ठाऊकच. त्यांनी वायर लावली, चालू करून दिलं आणि गेले.

आणि ती संध्याकाळ उघडली.

कसं सांगू तुला. बाहेर भर दुपार, आणि त्या काचेत निळसर संध्याकाळ. धुकं टेकडीवरून हळूहळू खाली येऊन राह्यलंय. घोंगडीची खोळ घेतलेलं एक इवलंसं लेकरू, त्याचं तोंडच दिसत न्हाई. मातीच्या पायऱ्या हवेत थांबलेल्या. लेकरानं पाय ठेवला की पायरी विरघळायला लागते, आणि जल्दी पुढं न्हाई गेलं तर खाली नाला. मी कुंभार माणूस. म्हणलं, अरे, कच्च्या मातीच्या पायऱ्या केल्या कुणी? भाजून तरी घ्यायच्या!

पहिले पाच दिवस तो पहिलाच नाला मला ओलांडता आला न्हाई. लेकरू सारखं पाण्यात. पण वर कोपऱ्यात एक छोटं मडकं काढलेलं आणि त्याच्यापुढं आकडा. दर वेळी आकडा वाढायचा. मला बरं वाटायचं. म्हणलं, पडलो तर पडलो, एक मडकं तर हाती लागलं. आपल्याच धंद्याची खूण ठेवली पोरानं, म्हणून छातीही फुगली.

याच आठवड्यात बाजारच्या दिवशी चहाच्या हॉटेलात मी सगळ्यांना सांगितलं, भागवतच्या गेममध्ये मी तेवीसशे चौदा मडकी केली. हॉटेलवाला भिवा म्हणला, "तात्या, एवढी तर तुमच्या आज्यानं जन्मात भाजली नसतील!" सगळ्यांनी वाहवा केली. मी चहा पाजला. लतीफभाई तेवढे म्हणले, बघायला येतो. दुसऱ्या दिवशी घरी आले, चष्मा लावला, काचेला नाक लावून बघितलं आणि जे हसत सुटले!

"अरे तातेराव, ये मटका नै रे, मुर्दे की खोपडी हय! तू इत्ते बार मर्‍या!"

मी परत बघितलं. खरंच. मडक्याला दोन डोळे होते. माझ्या नजरेला ती भोकं पडलेली वाटली, म्हणलं कच्चा माल असंल. तुझी माय उंबऱ्यावर बसल्ती, पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. लई दिवसांनी तिला तसं हसताना बघितलं.

मंग लतीफभाईंनी मला तेच विचारलं जे तुझे जोडीदार विचारतात. इतक्या वेळा मरायचं, त्यात मजा कसली? मी दोन दिवस विचार केला. जे सापडलं ते लिहितो.

एक तर ते लेकरू पडलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत परत उभं राहतं. कुणी "पडलास का गाढवा" म्हणत न्हाई. कुणी "अरेरे" पण म्हणत न्हाई, आणि ते मला जास्त आवडतं. या वयात सगळेच अरेरे म्हणतात. आणि तुझा गेम लबाडी करत न्हाई, भागवत. नाला आज जेवढा रुंद तेवढाच उद्या. पावसासारखं न्हाई, गिऱ्हाइकासारखं न्हाई. पडलो तर बोट चुकलं, माझंच. हे पहिल्यांदा टोचलं. मंग त्यातच गोडी लागली, कारण चूक माझी असली तर ती सुधारणारा पण मीच ना!

आणि एक दिवस, शंभर दीडशे वेळा पडल्यावर, ती उडी बसते. कशी बसली ते आपल्यालाच कळत न्हाई. चाकावर पहिल्यांदा माती मध्यावर येते ना, तसं. डोकं गप्प होतं आणि हातच चालतात. आता दुपारी डोळा लागला की मला त्या पायऱ्याच दिसतात. परवा नळाला पाणी भरायला निघालो तर समोरचं पत्र्याचं छप्पर बघून पाय आपोआप अंतर मोजायला लागले. वय बासष्ट, गुडघा असा, आणि मनात मी छपराछपरावरून गावाबाहेर चाललेलो, खाली धुकं, लांबून तुझ्या गेममधली घंटी. तुझी माय म्हणली, "येडे झालेत आबा." झालो असंल.

म्हणून सोपा करू नको. सोपा असता तर दोन दिवसांत बघून ठेवून दिला असता आणि म्हणलो असतो, पोरानं चांगलं केलंय. आता तसं म्हणत न्हाई. आता मला ठाऊक आहे तू काय केलंयस.

सहाव्या टेकडीवर तर मी बघताक्षणी थांबलो. बाभळीखालच्या तीन पायऱ्या, मंग ती उलटी उडी, मंग तो मोकळा कप्पा, जिथं काहीच न्हाई, नुसतं दम खायला जागा. बिलकुल तुझ्या निळ्या वहीतल्यासारखी. तू सगळं आठवून आठवून परत काढलंस.

हे वरचं वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवला. चहा करून प्यालो. खोडावं वाटलं. खोडत न्हाई. तुझी निळी वही मी कधी उघडून बघितली, असं तू विचारशीलच.

भागवत, त्या दिवशी मी आष्टीच्या बाजाराला गेल्तोच न्हाई.

आदल्या दिवशी आवा रचायचा होता. तुला तीनदा हाक मारली, आणि तू वहीतून मान वर न करता म्हणलास, "आबा, एकच उडी राहिली." दुसऱ्या दिवशी तू जालन्याला कॉलेजात गेल्तास. मी तुझ्या सातही वह्या काढल्या. निळी उघडून तासभर बघितली. त्यातलं काही कळालं न्हाई, पण एवढं कळालं, की या पोराचं चित्त इथं न्हाई आणि हे चाकावर कधी बसणार न्हाई. मला भीती वाटली आणि भीतीचा राग झाला. आव्यातल्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या खाली पेटवणाला मी त्या वह्या घातल्या. रद्दी समजून न्हाई. तुझ्या समजून.

संध्याकाळी तू घरभर शोधायला लागलास तेव्हा माझं तोंड उघडायच्या आत तुझी माय म्हणली, "मी टाकल्या रे आव्यात. मला रद्दी वाटली. आबा तर आष्टीला गेल्ते." तिला वाचता येत न्हाई, म्हणून तुला ते खरं वाटलं. तिचा हिशेब साधा होता. बाप-लेकाचं फाटलं तर शिवता येत न्हाई. मायवर पोरगं रुसलं तर आठ दिवसांत जेवायला माग‍तं. मी तिथंच उभा होतो. मी गप्प बसलो.

तू तिला म्हणलास, "तुला काय कळतंय!" आणि सकाळच्या गाडीनं गेलास. त्यानंतर तू तिच्याशी एक शब्द बोलला न्हाईस. येत्या होळीला चार वर्षं होतील. मी दोन-तीनदा म्हणलो, सांगून टाकतो त्याला. ती म्हणायची, "नका सांगू. तुमच्याशी तरी बोलतोय, तेवढं तरी राहू द्या." आणि मी मतलबी माणूस, मला ते सोयीचंच होतं. दर रविवारी माझं पोरगं माझ्याशी बोलत होतं ना.

मागच्या सोमवारी मी तुझ्या शेवटच्या टेकडीवर पोचलो. वर एक अंगण. आवा धुमसतोय. एक बाई पाठमोरी बसलेली. लेकरू चालत तिच्याजवळ जातं, वाकतं, आणि काच काळी होते. ती वळत न्हाई. मी तीनदा परत वर गेलो. तिन्हीदा ती वळली न्हाई.

अरे, तिनं तुझ्याकडं पाठ केली न्हाई रे. कधीच न्हाई. तिला मी तसं बसवलंय. तुझ्या त्या गेममध्ये तेवीसशे चौदा वेळा पडलो, आणि दर वेळी म्हणावं लागलं, माझंच चुकलं. दुसऱ्याचं नाव घ्यायला तिथं जागाच न्हाई. तोंडाला सवय लागली म्हणून आज हे लिहिता आलं. न्हाई तर मेलो असतो तरी बोललो नसतो.

हे फोनवर का सांगितलं न्हाई, तेही ऐक. तू फोन करतोस तेव्हा ती माझ्या बाजूला बसलेली असते. आवाज मोठा करायला लावते. मांडीवर तांदळाचं सूप घेते आणि एक खडा निवडत न्हाई. तू खोकलास तर दोन दिवस मला विचारते, औषध घेतलं असंल का त्यानं.

मी माफी मागत न्हाई. माझ्याशी बोलणं बंद केलंस तर ते बराबरच होईल, मी कुणाकडं तक्रार करणार न्हाई. तिला मात्र हे कळू देऊ नकोस की मी लिहिलं. तिनं चार वर्षं जे सांभाळलं ते मी मोडलं, असं तिला वाटंल. नुसतं विचार, जेवलीस का म्हणून.

हे पत्र तुला पाच-सहा दिवसांत मिळंल. सोळा तारखेला रविवार आहे. हिरव्या बटनावर बोट कसं ओढायचं ते तिला कालच शिकवलंय. कशाला, म्हणली. म्हणलं, मी कधी घरी नसलो तर. त्या दिवशी फोन वाजला की मी उठून बाहेर जाणार आहे.

तुझ्या मायच्या आडोशाला चार वर्षं लपलेला,
तुझा बाप
तातेराव