सतरा मार्चची पेशी

१७ नोव्हेंबर ८५, रविवार. सौसर

वकीलसाहेबांचा दिल्लीहून ट्रंककॉल. सकाळपासून त्यांच्याच घरी बसून होतो. लाईन खराब, ओरडून ओरडून बोलून राहिले होते. आधी त्यांच्या आईच्या गुडघ्याचं विचारलं. मग वहिनींना चक्कर येते त्याचं. मग माझ्या डोळ्याचं, मोतीबिंदू पिकला का. मग शेजारच्या गुरुजींचा खोकला. शेवटी पांढरी गाय व्याली का. सगळ्यांचं बरं आहे म्हटलं. गाईचं तेवढं खरं होतं. तीन मिनिटं संपली. कोर्टाचं विचारायचं राहून गेलं, त्यांचंही अन् माझंही.

२१ नोव्हें.

बाररूममध्ये रोज तेच. आपला वकील एकदम खासदार कसा झाला? राज्यसभेतले एक म्हातारे सदस्य वारले. मुदत उरली सात महिने, जूनपर्यंत. एवढ्याशा तुकड्यासाठी दोन मोठ्यांची ओढाताण, म्हणून पक्षानं तिसऱ्याचंच नाव पुढं केलं. समोर कोणी उभं राहिलं नाही, मतदान झालं नाही. व.सा. जाताना स्वतःच म्हणाले, "मुन्शीजी, मी निवडून नाही चाललो, नेमून चाललो. पंगतीत पाट रिकामा दिसू नये म्हणून शेजाऱ्याला बसवतात, तसं." मी म्हटलं, बसवलेला शेजारीच पोटभर जेवते. हसले.

फाईली सगळ्या ज्युनिअर रमेशकडे. एकच स्वतःकडे ठेवली. मोहगावची गिरजाबाई.

१५ डिसें.

पांढुर्ण्याला सत्कार. अधिवेशनातून दोन दिवस आले होते. हार इतके की मान दिसेना. भाषणं लांबली, जेवणं थंड झाली. गिरजाबाई मागं उभी, डोक्यावर संत्र्याची टोपली. पुढं येईना. मीच आणली.

तिचं प्रकरण मला पाठ आहे. नवरा गेला तेव्हा वावराची वाटणी झाली, विहीर देराच्या, नवऱ्याच्या भावाच्या, हिश्श्यात पडली. कागदावर विहीर दोघांची. त्यानं पाणी अडवलं. व.सा.नी दावा लावून स्टे आणला: चार दिवस तिची मोटर, चार दिवस त्याची. दीडशे संत्र्याची झाडं त्या स्टेवर उभी आहेत.

व.सा.नी टोपलीतलं एक संत्रं तिथंच सोललं. म्हणाले, "गिरजाबाई, तुझी बहस मीच करीन. दुसरं कोणी नाही." तिनं मान हलवली. गर्दीत दिलेला शब्द, पण शब्दच.

९ जाने. ८६

न्यायाधीश साहेब रजेवर. तारीख. गिरजाबाईला सांगितलं. ती म्हणे बहार यावा म्हणून दिलेला ताण तोडायचे दिवस आले, झाडं तहानली, आठ दिवसांत पाणी सोडते. कोर्टाचं तिनं काही विचारलं नाही.

डोळा ऑपरेशनला पिकला म्हणतात. उन्हाळ्यानंतर पाहू.

२४ फेब्रु.

पेशी. व.सा. दिल्लीत, अधिवेशन चालू. नवे न्यायाधीश साहेब कडक आहेत. रमेशनं तारीख मागितली तर म्हणाले, तीन वेळा झाली, आता शेवटची संधी, १७ मार्च, बहस झालीच पाहिजे. वहीत लिहिलं. खाली लाल रेघ.

गिरजाबाई पायरीवर बसली होती. झाडं फुलानं पांढरी झाली म्हणे. मग म्हणाली, "साहेब मोठे झाले, मुन्शीजी. माही केस तेवढीच राह्यली." रागानं नाही. हवा पाणी सांगावं तसं.

३ मार्च

व.सा.चं पत्र. अक्षर नेहमीपेक्षा मोठं. त्यांना बोलायला वेळ मिळाला, १७ तारखेला. संत्र्याच्या वॅगनींवर बोलणार, माल स्टेशनात सडते त्यावर. सात महिन्यांत हीच एक संधी, पुढं कोणी वेळ देईल असं नाही, असं लिहितात. शेवटी: "कोर्टात तातडीचं काही असेल तर कळवा. सोडून येतो."

पत्र दोनदा वाचलं. तीच तारीख.

४ मार्च

गिरजाबाईच्या देराचे वकील दुबेजी, त्यांच्याकडे चहाला गेलो. आपल्या कोर्टाची रीत आहे. समोरचा वकील गावाला नसला की त्याच्या माघारी हुकूम घ्यायचा नाही, उलट आपणच उभं राहून साहेबांना म्हणायचं, तारीख द्या. कुठं लिहिलेलं नाही, म्हणून कोणी मोडतही नाही. दुबेजी म्हणाले, "मुन्शीजी, बेफिक्र रहो. मैं खुद बोलूंगा." झालं.

घरी येऊन कार्ड टाकलं: कोर्टात तातडीचं काही नाही. निश्चिंत बोला.

तीस वर्षं त्यांच्यामागं फाईली घेऊन उभा आहे. चौथी पास माणूस, नकला करून करून कायदा शिकलो, तोही त्यांनीच शिकवला. एकदा मोठ्या जागी उभे राहू देत म्हटलं. गिरजाबाईला विचारलं नाही.

१७ मार्च, सोमवार

दुबेजी तापानं पडले. गिरजाबाईच्या देरानं सकाळीच बाहेरून दुसरा वकील आणला. मी त्याच्या कानाशी जाऊन रीत सांगितली. तो म्हणे, "मैं यहां का नहीं हूं, मुन्शीजी." वाईट बोलला नाही. खरंच इथला नव्हता.

रमेश उभा राहिला, पण वकालतनाम्यावर नाव व.सा.चंच; बाईनं दुसऱ्याच्या नावावर अंगठा लावलाच नव्हता. पुकारा तीनदा. साडेतीनला दावा खारीज, गैरहजेरीत. दाव्यासंग स्टे गेला.

गिरजाबाई बाजूलाच उभी होती. हिंदी तिला समजते.

१९ मार्च

पेपरात दोन ओळी. व.सा. सहा मिनिटं बोलले, मग घंटी वाजली. आईंना वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाल्या.

२२ मार्च

मोहगावला जाऊन आलो. देरानं मोटरीचं केबल काढून घरी नेलं. फळ खेळायच्या कंच्याएवढं झालं होतं, झाडाखाली पडून राहिलं आहे. बाई बैलगाडीवर ड्रम भरून नाल्यातून पाणी आणते, एका फेरीत पाच झाडं. दीडशे झाडं. मी पण दोन फेऱ्या केल्या, कंबर धरली.

झाडाखाली बसल्यावर विचारलं तिनं, "साहेब बोलले का तथी?"

बोलले, म्हटलं.

"काय बोलले?"

संत्र्यावर.

तिनं खालचं एक गळलेलं फळ उचललं. मग म्हणाली, "मंग माह्या संत्र्याचं कोन बोलन?"

सांगावं वाटलं की साहेबाचा दोष नाही, त्यांना मी कळवलंच नाही. तोंडाशी आलं होतं. तिची गाडी जुंपून दिली अन् आलो.

२८ मार्च

आज सांगितलं. ती कचेरीत आली होती. ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "तुमी काहून असं केलं, मुन्शीजी? मी काय साहेबाले जाऊ नोको म्हटलं असतं?" बस, एवढंच.  हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रमेश म्हणतो दावा परत उभा होतो. तीस दिवसांत अर्ज, म्हणजे १६ एप्रिलच्या आत. सोबत शपथपत्र, वकील का आला नाही. त्यानं मसुदा केलाही: मुन्शीनं वहीत तारीख चुकीची लिहिली. "मुन्शीकाका, असे अर्ज रोज मंजूर होतात. सतराचे सत्तावीस करा, एका आकड्याचंच काम."

वही काढून पाहिली. १७. लाल रेघ.

२ एप्रिल

व.सा.चं पत्र, त्यांना अजून माहीत नाही. जूननंतर पुढच्या सहा वर्षांसाठी त्यांचं नाव चालून राहिलं म्हणे. २० एप्रिलपर्यंत दिल्ली सोडू नका, असा पक्षाचा निरोप आहे. मोठी माणसं भेटणार आहेत. माझ्या कार्डाबद्दल आभार मानले. तुमच्यामुळं निश्चिंत बोललो, असं लिहिलं आहे.

दिवसभर काम झालं नाही. एका नकलेत दोन ओळी गाळल्या.

५ एप्रिल

रजिस्टरनं धाडलेल्या पत्राची नक्कल:

"वकीलसाहेबांस सा. न. वि. वि.

१७ मार्चला गिरजाबाईचा दावा खारीज झाला. ती तारीख शेवटची होती आणि मला ठाऊक होती. तुम्ही विचारलं होतं. मी नाही लिहिलं. रीतीवर भरवसा ठेवला, दुबेजी आजारी पडले. यात त्यांचा दोष नाही, रमेशचाही नाही.

पाणी बंद आहे. झाडं अजून हिरवी आहेत, फळ निम्मं गळलं.

रमेशनं शपथपत्र केलं आहे, तारीख चुकीची लिहिली असं. बाईची झाडं वाचत असतील तर माझ्या नावाचं काय, पिकलं पान. पण तारीख बरोबर लिहिली होती, अन् त्या कागदावर बहस तुम्हाला करावी लागेल. खरं लिहिलं तर समोरचा म्हणेल, मुन्शीला माहीत म्हणजे वकिलाला माहीत. दावा उभा राहील की नाही, सांगता येत नाही. तीस वर्षांत तुमच्या हाती खोटा कागद दिला नाही. ४ मार्चचं कार्ड हा पहिला. दुसरा द्यायचा की नाही, हे तुमच्याशिवाय कोणाला विचारू?

तुमच्या तिथल्या गाठीभेटी २० पर्यंत आहेत हे वाचलं. या असं मी लिहीत नाही. येऊ नका असंही आता लिहिणार नाही.

गिरजाबाईनं दुसऱ्या वकिलाच्या नावावर अंगठा लावायला आजही नकार दिला. कोणता कागद द्यायचा, अन् कोण उभं राहणार, तेवढं लवकर लिहा. १६ च्या आत पोचेल असं लिहा."