सरांचं पोट अमान्य

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच घातलाय, गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? आणि शिलाई मशीन? दोघांत हल्ली आधी कोण कुरकुरतं? मी ठणठणीत आहे. खरं तर माझे पाय जमिनीवर ठरत नाहीयेत, कारण आत्या, आमच्या सॉफ्टवेअरला पहिलं गिऱ्हाईक मिळालं!

आमचे आधीचे पराक्रम तुला ठाऊकच आहेत. पहिल्या वर्षीचा कॅल्क्युलेटर शून्यानं भागायला सांगितलं की रुसून बंद पडायचा. दुसऱ्या वर्षीचं हजेरीचं सॉफ्टवेअर सगळ्यांना रोज हजर दाखवायचं, अगदी सुट्टीतही (इतकं लोकप्रिय सॉफ्टवेअर कॉलेजात पुन्हा झालं नाही). पण शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे थेट पदवीचाच प्रश्न. म्हणून मी आणि चष्मिस (माझा जोडीदार, म्हणजे प्रोजेक्टमधला, आईला लगेच फोन करू नकोस) आम्ही शिवणकामाचं सॉफ्टवेअर केलं. मापं टाकायची, की कापडावर कात्री कुठे चालवायची ते आखून मिळतं. तुझी मापांची वही त्यासाठीच नेली होती. ती पानन् पान अभ्यासून आम्ही एक नियमही शोधून काढला: माणसाचं पोट छातीपेक्षा मोठं कधीच नसतं, तसं दिसलं तर माप चुकलं समजायचं. केवढी हुशारी वाटली आमची आम्हाला! तू फक्त शाळेचे गणवेश शिवतेस, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

सोमवारी सादरीकरण होतं. विभागप्रमुख सर (देहानंही प्रमुखच) म्हणाले, "बनावट उदाहरणं नकोत, माझंच माप घ्या." चष्मिसनं टेप लावला, मी आकडे टाकले आणि पडद्यावर लाल अक्षरांत आलं: 'हे माप माणसाचं नाही.' मागे कुणीतरी फिसकन हसलं. चष्मिस घाबरून म्हणाला, "सर, जरा श्वास आत घ्या ना." आत्या, त्यांनी घेतला गं! त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल इतका आदर वाटला! पण नियम तो नियम. तिसऱ्या खेपेला सॉफ्टवेअरनं 'टेप बदलून पाहा' असा सल्ला दिला आणि मान टाकली.

सर शांतपणे म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी याच सॉफ्टवेअरनं आखलेला शर्ट आणा. मला बसला तर पास, नाहीतर पुढच्या वर्षी भेटूच." सगळे आमच्याकडे सुतकी चेहऱ्यानं बघत होते. पण मी म्हटलं, अख्ख्या वर्गात कुणाच्या प्रोजेक्टला ऑर्डर मिळाली? आम्हालाच! तो नियम लगेच काढून टाकलाय. आता सॉफ्टवेअर कशालाच नाही म्हणत नाही. आज सकाळी चुकून पोट उणे बारा इंच टाकलं, तर त्याचाही शर्ट मुकाट्यानं आखून दिला.

घरी सांग, पोरगी नाव काढणार.

तुझी लाडकी (हे माझं मीच ठरवलंय)
भाची

ता. क. शर्ट तुलाच शिवायचा आहे, हे लिहायचं राहिलं. निळं कापड सोबत आहे.

ता. ता. क. नाकारलेली मापं सॉफ्टवेअर साठवत नाही. आमच्याही लक्षात नाहीत आणि पुन्हा टेप घेऊन सरांसमोर जायची हिंमत नाही. तेव्हा आधी मापं तूच नजरेनं ठरवून कळव, मग आम्ही ती टाकतो. (अहवालाच्या पहिल्या पानावर 'नजरेच्या अंदाजाचे दिवस संपले' असं छापलंय, ते मनाला लावून घेऊ नकोस.) सरांचा फोटो पाठवते आहे. विभागाच्या फलकावरचा आहे, त्यामुळे गळ्यापर्यंतच आहे. खालचं तू ओळखशीलच.