कन्हानच्या वाळूतली पाटली

प्रिय दादा,

परवा तुझी तेरवी झाली. आता तुला काही लिहायचं उरलं नव्हतं. पण काल वहिनीनं माझ्या हातात सोन्याची पाटली ठेवली. तुझी आठवण म्हणून ठेवा, म्हणाली. साखरपुड्यानंतर तू तिला दिली होतीस. नदीच्या वाळूत सापडली, कोणाची ते ठाऊक नाही, सासरी मात्र दाखवू नको, असं सांगून. बारा वर्षं ती तिच्या माहेरच्या पेटीत होती.

मी लगेच ओळखली, दादा. तिची जोडीची पाटली आजही आईच्या उजव्या हातात आहे.

तुझं लग्न ठरायच्या आधी एका संक्रांतीला कन्हान नदीवर आंघोळ करताना आईच्या साबणाच्या हातातून ती निसटली. बाबांनी कधी मानलं? "नदीनं नाही गिळली, भिवापूरनं गिळली," असं ते पाहुण्यांसमोर म्हणायचे. भिवापूर आईचं माहेर. मामाचं येणं बंद झालं. आजी वारली तेव्हाही आईला जाऊ दिलं नाही.

तेव्हा तूच पुढे झालास. तुझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लाकडी कड्यावर तांब्याची तार गुंडाळून, जुन्या ट्रान्झिस्टरचे भाग जोडून ते मशीन केलंस. धातूवरून गेलं की त्याचा सूर चढायचा. किती अभिमान वाटायचा मला!

दर रविवारी आपण सायकलनं कन्हानला जायचो. मशीन वाजू नये म्हणून माझ्या केसातल्या पिना आधी काढायला लावायचास. सूर चढला तिथे काडीनं फुली मारायची, पण फुलीवर खणायचं नाही. वीतभर लांबून, तिरपं, लाकडी खोऱ्यानं. ओली वाळू ढासळते म्हणून खड्डा रुंद ठेवायचा. मग काढलेल्या ढिगावरून मशीन फिरवायचं. ढीग वाजला तर चाळणी घ्यायची, नाहीतर अजून खोल जायचं. बैलगाडीचे खिळे निघत. पुन्हा तेच वाजू नयेत म्हणून आपण ते डब्यात टाकायचो.

त्या शेवटच्या रविवारी मी चाळणी धुवायला पाण्यात गेले होते. मागे सूर चढला. परत आले तर तू पायानं खड्डा बुजवत होतास.

"खिळा होता वं. चाल, सेल संपले."

दाखव म्हटलं, तर फेकला म्हणालास. आपण खिळा कधी फेकत नव्हतो! तरी मी विश्वास ठेवला. काहून ठेवला?

घरी आई दारात उभी होती. वाळूत काहीच नाही, असं तू तिला सांगितलंस. बाबा हसले. ते हसणं ऐकूनही तू जेवायला बसलास.

होणाऱ्या बायकोला दागिना द्यायचा होता, तर मागायचं होतंस रे. आईनं उरलेलीही काढून दिली असती. बारा वर्षं तिच्या हातचं खाताना एकदाही घास अडकला नाही?

आज सकाळी वहिनीला सगळं सांगितलं. तिनं पाटली पदरानं पुसून माझ्या हातात परत ठेवली. मग म्हणाली, "आईंची आहे, आईंलेच देऊ. मी येते सोबत."

आई अजून तुझ्या फोटोजवळून उठत नाही. खरं कळलं की तिचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल, हे मला ठाऊक आहे. तरीही वचन देते. उद्या बाबांसमोर, तुझं नाव घेऊन, ही पाटली मी तिच्या हातात घालीन. मग तिला भिवापूरला नेईन. मामा अजून आहे.

रागावलेली, तरी तुझीच बहीण,
शकू